पावणेतीनची गाडी

आधीच्या मालकाने, चिपळूणच्या कुणा केतनने,
मागे पावशेराच्या डब्याएवढं तोंड बसवलं होतं.
गाडी एवढीशी. दोन माणसं
आणि मागे बर्फात एक पाटी सुरमई.
पण आसूदचा चढ घेताना
अख्खी बाग जागी करायची, पोफळींसकट.

माझी पाळी अडीचला सुटते.
हर्णैच्या बर्फ कारखान्यातून निघायचं
कानात कॉम्प्रेसर घेऊन,
आणि आळीत वळताना दुसऱ्या गिअरला
तो पाइप असा खोकायचा
की मुरकरांच्या खिडकीत दिवा लागायचा.
दोन महिने ते काही बोलले नाहीत.
तिसऱ्या महिन्यात पायरीवर गाठून म्हणाले,
"निळू, गाडी छान पळते तुझी.
पण दर वेळी सांगून का पळते?"

नौशाद मुकादमने
गोणपाटावर तीन मफलर मांडले.
प्रत्येकावर टिचकी मारून कान लावत होता,
झाडावरचा फणस बघतात तसा.
पहिला पोकळ बोलला. "हा पोरांचा."
दुसरा बोललाच नाही.
"हा बसवलास तर दम कोंडेल तिचा.
मग टर्बो कशाला घेतलास?"
तिसऱ्यातून जरा उशिरा, खालून,
विहिरीत पोहरा टेकावा तसा आवाज आला.
नौशाद गप्प. त्याने चहा सांगितला.

किंमत ऐकून माझा चहा निवला.
"तीनशेचारचं स्टील आहे भावा.
इथल्या खाऱ्या वाऱ्यात दुसरं काही घातलंस
तर दोन वर्षांत चाळण घेऊन येशील."

जुने नट सुटेनात.
डिझेल पाजलं, हातोडी झाली, शेवटी आग.
एक बोल्ट तुटलाच, आणि नौशादने
त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस केली.
मध्ये हातभर रेझोनेटर,
बावीसशेवर जी घरघर कवटीत शिरते
ती गिळायला.
मग त्याने काच खाली ओढली.
पाइपाला पाइप जोडत गेली निळी ठिणगी
आणि मागे राहिली शिवण,
खवल्यावर खवला, खवल्यावर खवला.
रबराच्या कड्या साबण लावून चढवल्या.
"चल, चढावर घे."

चढावर घेतली.
जोर तोच, बहुधा जास्तच,
पण मागून कुणी ओरडत नव्हतं.
"काय ऐकू येतंय?" नौशादने विचारलं.
मी म्हटलं, नाणं.
ॲशट्रेमध्ये एक नाणं खुळखुळत होतं,
केतनचं असावं.
डावं दार कुरकुरत होतं.
आणि सीटवर टेकलेल्या नौशादची छाती
सूं सूं वाजत होती, वेल्डिंगच्या धुराने असेल.
इतकी वर्षं ओळखतो त्याला,
हे कधी ऐकलं नव्हतं.

त्या रात्री आळीत शिरलो तेव्हा
मुरकरांची खिडकी काळी राहिली.
मी स्वतःवर खूश.
घराशी आलो तर दार बंद.
एरवी चढ संपला की हेमांगी उठायची,
मी चावी काढेपर्यंत कडी निघालेली असायची,
आत आधण.
बेल दाबली. बेल बंद होती.
कधीपासून, कुणास ठाऊक,
गरजच पडली नव्हती.
हाक मारावी तर पुन्हा आळी उठणार.
पायरीवर बसून राहिलो,
गार होणारं स्टील टिक टिक करत होतं, तेवढंच.

सकाळी मुरकर कुंपणापाशी.
"काल रजा होती का रे?
माझी तीनची गोळी राहिली."

नौशादला सांगितलं तर हसला, खोकला.
"तिसरा उगाच नाही निवडला.
साडेतीन हजाराच्या वर बोलतो तो.
तू बोलवलंस तर."

आता वळणावर मी दुसऱ्या गिअरला
पाय जरासा दाबतो. नखभर.
ती घसा साफ करते, एकदाच,
परक्याच्या घरात माणूस करतो तसा.
मुरकरांकडे दिवा.
आमच्याकडे कडी.

बेल अजून दुरुस्त केलेली नाही.